नोंद नाही, पण ताबा आहे

सॉफ्टबॉलमध्ये बदली खेळाडूने मैदानात येणे ही घटना केवळ पायांनी पूर्ण होत नाही. ती कागदावरही घडावी लागते, आणि कागदावर ती घडेपर्यंत मैदानातली खेळाडू बॅट फिरवत असली, बेसवर घसरून पोचत असली, फार काय, धाव काढून सहकाऱ्यांच्या टाळ्या घेत असली, तरी नियमपुस्तकाला तिचे अस्तित्व पुरतेपणी मान्य नसते. हा कागद म्हणजे लाइनअप कार्ड, अर्थात सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांनी होम प्लेटपाशी मुख्य पंचांच्या हाती सोपवलेली, फलंदाजीच्या क्रमाने नावे, अंगावरचे क्रमांक आणि क्षेत्ररक्षणाच्या जागा लिहिलेली यादी. पंचांनी ती तपासून स्वीकारली की ती अधिकृत होते आणि त्यानंतर तिच्यात जो काही बदल व्हायचा तो पंचांच्या पेन्सिलीनेच होतो. महसूल खात्याशी संबंध आलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना मुळीच नवी वाटणार नाही. जमीन कोण कसतो हा एक प्रश्न असतो आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे हा दुसरा. दोन्हींची उत्तरे जुळली तर भाऊबंदकी शांत राहते, न जुळली तर फेरफार, हरकत, सुनावणी असा प्रवास सुरू होतो. सॉफ्टबॉलच्या मैदानावर हा सगळा प्रवास दोन-तीन मिनिटांत उरकावा लागतो, आणि तलाठी, मंडळ अधिकारी व तहसीलदार ही तिन्ही पदे तोंडावर जाळी चढवलेल्या एकाच व्यक्तीकडे असतात.

या खेळाचा जन्म पाहता त्याचा हा काटेकोरपणा थोडा गमतीचा वाटतो. २४ नोव्हेंबर १८८७ रोजी, म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’ या अमेरिकी सणाच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही मंडळी येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. निकाल कळताच एकाने हर्षाच्या भरात बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक यांनी तो मोजा करकचून बांधून त्याचा चेंडू केला व छपराखालीच बेसबॉल खेळण्याची टूम काढली, अशी उत्पत्तिकथा सांगितली जाते. ती खरी मानली तर सॉफ्टबॉलच्या पहिल्याच सामन्यात चेंडूच्या जागी मोजा आणि बॅटच्या जागी झाडूचा दांडा अशा दोन बदल्या झाल्या, आणि त्यांपैकी एकही पंचांना कळवलेली नव्हती. अशा घराण्यात जन्मलेल्या खेळाने पुढे बदलीच्या प्रश्नावर पोटकलमांमागून पोटकलमे रचावीत, हे पळून जाऊन लग्न केलेल्या बापाने मुलीच्या वेळी गोत्र, नाडी आणि छत्तीस गुणांचा आग्रह धरण्यासारखे आहे.

रीतसर बदलीची पद्धत सांगायला सोपी आहे. प्रशिक्षकाने ‘टाइम’ मागून खेळ थांबवून घ्यायचा, पंचांजवळ जायचे, कोणत्या क्रमांकाची खेळाडू कोणाच्या जागी येत आहे ते सांगायचे आणि पंचांनी ते कार्डावर उतरवून गुणलेखकाला व प्रतिस्पर्धी संघाला कळवायचे. करायला मात्र ही पद्धत तितकीशी सोपी नाही, कारण त्या क्षणी पंचांच्या एका हातात बॉल आणि स्ट्राइक मोजण्याचे इंडिकेटर हे लहानसे यंत्र असते, काखेत नुकताच काढलेला मुखवटा असतो, कमरेच्या पिशवीत राखीव चेंडू असतात, खिशात प्लेट झाडण्याचा ब्रश असतो, आणि उरलेल्या हाताने त्यांना तळहाताएवढ्या कार्डावर, भर उन्हात, जाणारीच्या नावावर रेघ मारून येणारीचा क्रमांक अशा बेताने लिहायचा असतो की पाचव्या इनिंगमध्ये तो स्वतःलाच वाचता यावा. येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. प्रशिक्षकाचे कर्तव्य पंचांना सांगितले की संपते. पंच पुढे ते जाहीर करायला विसरले तर त्याचा दोष संघाकडे जात नाही. अर्ज दिल्याची पोच मिळाली, आता साहेबांनी फाइल कोणत्या टेबलावर ठेवली ही साहेबांची जबाबदारी, असा हा न्याय आहे, आणि मैदानाबाहेर तो सहसा आढळत नाही.

बदलीचा हक्क कोणाला किती आहे, हे समजण्यासाठी पंगतीचे उदाहरण उपयोगी पडते. सुरुवातीच्या यादीतील खेळाडूला, जिला ‘स्टार्टर’ म्हणतात, सामन्यातून एकदा बाहेर जाऊन एकदा परत येता येते. मात्र परत आल्यावर तिला फलंदाजीच्या क्रमातील आपलीच जागा घ्यावी लागते. मधल्या काळात तिच्या जागी खेळलेल्या बदली खेळाडूला, एकदा बाहेर पडल्यावर, पुन्हा येण्याची सोय नाही. म्हणजे यजमानाला पाटावरून एकदा उठून परत बसण्याची मुभा आहे, पण आपल्याच पाटावर. त्या पाटावर तात्पुरता बसवलेला पाहुणा एकदा उठला की आचमन करून मोकळा. आणि एका पाटावर दोघांनी एकाच वेळी बसायचे नाही, मग आग्रह कोणीही करो. हा नियम वाचताना सरळ वाटतो. सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत चार पाट उठून दोन बसलेले असतात, एकीला नाकातून रक्त आल्यामुळे तिच्या जागी तात्पुरती खेळाडू आलेली असते, जिची गणना बदलीत होतच नाही, आणि मग प्रशिक्षकांच्या चेहऱ्यावर, वाढपी कोण आणि जेवणारा कोण हे विसरलेल्या कार्यवाहाचा भाव उमटतो.

गुन्ह्यांचे वर्गीकरण करताना नियमकर्त्यांनी दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत, आणि सारी विद्वत्ता या वेगळेपणात आहे. पहिला प्रकार म्हणजे न कळवलेली बदली: खेळाडूला खेळण्याचा पूर्ण हक्क आहे, तिची जागाही योग्य आहे, फक्त कोणी पंचांना सांगितलेले नाही. खरेदीखत झाले, पैसे दिले, पेरणीही उरकली, पण फेरफार करायचा राहून गेला, असा हा मामला. दुसरा प्रकार म्हणजे बेकायदा बदली: दोनदा बाहेर गेलेली स्टार्टर तिसऱ्यांदा मैदानात उतरते, एकदा संपलेली बदली खेळाडू पुन्हा उगवते, किंवा परतलेली खेळाडू दुसरीच्याच क्रमांकावर फलंदाजीला उभी राहते. येथे नोंदच काय, हक्कही नाही. हा सरळ शेजाऱ्याच्या बांधात घातलेला नांगर आहे. याही पलीकडे, पंचांनी सामन्यातून हाकलून दिलेली खेळाडू परत खेळताना सापडली तर वाद, हरकत, सुनावणी काहीच उरत नाही आणि सामनाच प्रतिस्पर्ध्याला बहाल होतो. अशा बहाल केलेल्या सामन्याचा गुणफलक ७-० असा लिहितात, म्हणजे प्रत्येक इनिंगच्या वाट्याला अब्रूची एकेक धाव.

आता या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत विलक्षण पात्राकडे वळता येईल, आणि ते पात्र म्हणजे स्वतः पंच. न कळवलेली खेळाडू मैदानात आहे हे सर्वांत आधी ज्यांना कळते ते पंचच, कारण कार्ड त्यांच्या खिशात असते. आणि ते ज्यांनी कोणालाही सांगायचे नसते तेही पंचच. हा गुन्हा प्रचलित नियमांनुसार ‘अपील’ या वर्गात मोडतो. अपील म्हणजे ज्या संघाचे नुकसान झाले त्याने स्वतः तोंड उघडून मागितलेली दाद. ती येईपर्यंत पंचांचे ज्ञान हे खासगी ज्ञान समजले जाते. काही नियमपुस्तके बेकायदा खेळाडूच्या बाबतीत पंचांना स्वतःहून बोलण्याची सवलत देतात, परंतु न कळवलेल्या बदलीबाबत मौनाची परंपरा पक्की आहे. महाराष्ट्रातील कुठल्याही सार्वजनिक कार्यक्रमात ज्याला काही ठाऊक नसते तोही बोलतो, हे लक्षात घेतले म्हणजे ज्याला सर्व ठाऊक आहे त्याने गप्प बसण्याची ही साधना किती कठीण आहे याची कल्पना येते.

शालेय स्पर्धेतील एक प्रातिनिधिक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सहावी इनिंग, दोन बाद, दुसऱ्या बेसवर धावपटू, आणि कार्डाप्रमाणे पाळी ७ क्रमांकाच्या मुलीची असताना बॅटर्स बॉक्समध्ये १४ क्रमांकाची मुलगी येऊन बुटाने माती उकरू लागते. पंच तिच्या पाठीकडे पाहतात. कार्ड खिशात असूनही त्यांना अक्षरन् अक्षर दिसू लागते. ते कार्ड बाहेर काढत नाहीत, कारण काढले तर दोन्ही डगआउट, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागा, जाग्या होतील. ते पेन्सिलीकडे हात नेत नाहीत. ते खोकतही नाहीत, कारण अशा वेळी आलेला खोकला हा मार्गदर्शनपर मानला जाऊ शकतो. ते फक्त खाली वाकतात आणि खेळ सुरू करतात. १४ क्रमांकाची मुलगी दुसऱ्याच फेकीवर चेंडू मधल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून धाडते, धावपटू घरी पोचते, धाव लागते. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक त्या मधल्या क्षेत्ररक्षकाला ती इतकी पुढे का उभी होती याचा जाब विचारण्यात गुंतलेले असतात. एवढ्यात त्यांच्या बाकावर वही घेऊन बसलेली, दोन सामने न खेळवल्याबद्दल रुसलेली एक राखीव मुलगी हळूच म्हणते, “सर, ही चौदा आपल्याकडे लिहिलेलीच नाही.” सर तिच्याकडे न पाहता म्हणतात, “थांब गं जरा.” आणि तिकडे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, वर्तुळात उभी राहून हात मागे नेऊ लागते.

या ‘थांब गं जरा’ची किंमत काढण्यासाठी शिक्षेचे वेळापत्रक पाहावे लागते, कारण सॉफ्टबॉलमध्ये गुन्हा तोच असला तरी शिक्षा घड्याळावर ठरते. न कळवलेली खेळाडू फलंदाजी करत असतानाच तक्रार आली तर तिची बदली रीतसर केली जाते, बॉल-स्ट्राइकची मोजणी आहे तशी पुढे चालते आणि तोवर जे घडले ते कायम राहते. तिची पाळी संपल्यानंतर, पण पुढची फेक होण्यापूर्वी, तक्रार आली तर ती खेळाडू बाद ठरते आणि तिच्या फटक्यावर पुढे सरकलेल्या सर्वांना मागे यावे लागते. वरील प्रसंगात ती तिसरी बाद म्हणून इनिंग संपली असती, धाव पुसली गेली असती आणि मधली क्षेत्ररक्षक निर्दोष सुटली असती. पुढची फेक एकदा झाली की मात्र घडले ते घडले. महसूल कायदा फेरफारावरील हरकतीसाठी १५ दिवस देतो. सॉफ्टबॉल दोन फेकींमधले काही सेकंद देते. त्यातही दैवाची खोच अशी की फलंदाजी करणाऱ्या संघाने चूक केलेली असते तेव्हा तक्रारीची मुदत संपवणारी फेक तक्रारदार संघाचीच पिचर टाकत असते. आपला हक्क आपल्याच मुलीच्या हातून हवेत उडून जाताना पाहणे हा अनुभव इतर कोणत्याही न्यायसंस्थेने पक्षकाराला इतक्या नेमकेपणाने उपलब्ध करून दिलेला नाही.

चूक क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाची असेल, म्हणजे न कळवलेल्या खेळाडूने झेल घेतला किंवा धावपटूला बाद केले असेल, तर पुढच्या फेकीआधी तक्रार करणाऱ्या संघासमोर दोन पर्याय ठेवले जातात: घडलेला निकाल तसाच स्वीकारावा, किंवा शेवटच्या फलंदाजाने परत येऊन पूर्वीच्या मोजणीवर पुन्हा खेळावे आणि धावपटूंनी आपापल्या जुन्या बेसवर जावे. पंच हा प्रश्न अत्यंत गांभीर्याने विचारतात आणि प्रशिक्षक, जणू हुंडीच्या व्याजाचा हिशेब करावा तसे, आकाशाकडे पाहून उत्तर देतात. बेकायदा परतलेल्या खेळाडूच्या बाबतीत तर मुदतच वेगळी आहे. तेथे पुढच्या फेकीचे बंधन नसते आणि ती खेळाडू सामन्यात असेपर्यंत केव्हाही तक्रार करता येते. सापडली की ती अपात्र ठरते आणि काही नियमपुस्तकांनुसार तिच्याबरोबर प्रशिक्षकालाही मैदानाबाहेरची वाट दाखवली जाते, कारण तिला तेथे पाठवणारा मेंदू शोधायला फार दूर जावे लागत नाही.

या वर्गातला एक जुळा भाऊ म्हणजे फलंदाजीचा क्रम चुकणे. येथे दोघी खेळाडू अधिकृत असतात, नोंदलेल्या असतात, फक्त एकीच्या पाळीत दुसरी उभी राहते. वेळेत तक्रार झाली तर बाद कोण ठरते? जी चुकून खेळली ती नव्हे. जिने खेळायला हवे होते आणि जी त्या वेळी बाकावर बसून शेंगदाणे सोलत होती ती. न कळवलेल्या बदलीत जी खेळली तिला शिक्षा, क्रम चुकण्यात जी खेळली नाही तिला शिक्षा, हा भेद तर्काने समजावून सांगता येतो, कारण दुसऱ्या प्रकारात मूळ दोष आपली पाळी न सांभाळण्याचा असतो; पण शिक्षा झालेल्या मुलीला तो समजावून सांगण्याचे काम पंचांनी प्रशिक्षकांवर आणि प्रशिक्षकांनी मुलीच्या आईवर सोपवलेले बरे.

येथवर आलेल्या वाचकाला असे वाटू शकते की चेंडू, बॅट आणि बेस असलेल्या सर्वच खेळांत हीच रीत असेल. तसे नाही. थोरला भाऊ बेसबॉल या प्रश्नाकडे अगदी उलट दृष्टीने पाहतो. तेथे बदली जाहीर झाली नाही तरी फलंदाज बॉक्समध्ये उभा राहिला, पिचर आपल्या जागी गेला किंवा धावपटूने बेसवरची जागा घेतली की तो सामन्यात आला असेच मानतात आणि त्याचा प्रत्येक खेळ वैध धरतात. थोडक्यात, बेसबॉलमध्ये ताबा हीच नोंद, आणि सॉफ्टबॉलमध्ये नोंदीशिवाय ताबा म्हणजे अतिक्रमण. २०१३ पासून दोन्ही खेळांचा आंतरराष्ट्रीय कारभार एकाच महासंघाच्या छपराखाली चालतो; एकाच वाड्यात राहून थोरल्याने पायरीवर चप्पल दिसली की माणूस घरी आला असे समजावे आणि धाकटीने मात्र वहीत सही पाहिल्याशिवाय पाणी विचारू नये, असे हे एकत्र कुटुंब आहे.

तक्रारींची दुसरी बाजूही पंचांना सांभाळावी लागते, ती म्हणजे जे बेकायदा नाही त्याविरुद्ध होणारा आरडाओरडा, आणि त्याचे कायमचे माहेरघर ‘डीपी’ आणि ‘फ्लेक्स’ ही जोडी आहे. फ्लेक्स ही यादीत दहाव्या ओळीत लिहिलेली, सुरुवातीला केवळ क्षेत्ररक्षण करणारी खेळाडू, आणि डीपी ही तिच्या वाटची फलंदाजी करणारी. प्रकरण येथेच थांबले असते तर बरे झाले असते. परंतु डीपीला कोणाच्याही जागी क्षेत्ररक्षण करता येते, फ्लेक्सला फलंदाजी किंवा धावण्यासाठी येता येते ते फक्त डीपीच्याच जागी, दोघी एकाच वेळी फलंदाजीच्या क्रमात असू शकत नाहीत, आणि डीपीने फ्लेक्सच्याच जागी क्षेत्ररक्षण सुरू केले तर फ्लेक्स सामन्यातून गेली असे समजून दहाचे नऊ होतात. ही तरतूद नीट समजलेला प्रशिक्षक तिचा उपयोग करतो आणि न समजलेला प्रशिक्षक समोरच्याने ती वापरताच डगआउटमधून धावत सुटतो. अशा वेळी पंच मुखवटा काढतात, कार्ड उलगडतात, बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेतात आणि शांतपणे सांगतात की सर्व काही नियमात आहे. मघाशी जे मौन त्यांना जाळत होते त्याची भरपाई या दोन मिनिटांत होते, आणि म्हणून हे स्पष्टीकरण गरजेपेक्षा किंचित लांबते.

एवढ्या सगळ्या पोटकलमांत एक वाक्य असे आहे की ते प्रत्येक प्रशिक्षकाने कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवावे. न कळवलेल्या बदलीची माहिती, प्रतिस्पर्ध्याने तक्रार करण्यापूर्वी, चूक करणाऱ्या संघानेच पंचांना दिली तर तो गुन्हाच राहत नाही, मग ती खेळाडू कितीही वेळ खेळलेली असो. नियमकर्त्यांनी कबुलीला दंड ठेवलेला नाही, विलंब शुल्क ठेवलेले नाही, मुद्रांक ठेवलेला नाही. ठेवले आहे ते केवळ डगआउटपासून होम प्लेटपर्यंतचे वीस-पंचवीस पावलांचे अंतर. उपरोल्लेखित १४ क्रमांकाच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी ते अंतर चालून जावे, आणि समोरच्या सरांनी बाकावर वही घेऊन बसलेल्या मुलीचे एकदा ऐकून घ्यावे. पंच काहीच बोलणार नाहीत. पण सहाव्या इनिंगपासून त्यांची पेन्सिल टोक काढून तयार आहे.